शनिवारचा शेवटचा तास

स्मरणिका समितीच्या पत्रात विषय दिला होता, 'शाळेने मला काय दिले?' शिस्त, संस्कार, पाढे यांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच, म्हणून मी ते सोडून देतो. मला आपल्या शाळेने झोरो दिला.

साल १९७१-७२, आठवी ब. शनिवारी सकाळची शाळा आणि शेवटचा तास सूतकताईचा. टकळीवर सूत काढणं आधीच कंटाळवाणं, त्यात पोटात कावळे ओरडत असायचे. हा तास इतिहासाच्या सरांच्या गळ्यात मारला होता. त्यांना स्वतःला धड कापसाचा पेळू धरता येत नसे. पहिल्याच शनिवारी त्यांनी आमच्याशी सौदा केला. टकळ्या फिरत्या ठेवा, मी गोष्ट सांगतो. कुणाची टकळी फरशीवर आपटली की गोष्ट तिथेच थांबणार, आणि त्याने सूत जोडल्याशिवाय पुढे सरकणार नाही. त्यामुळे मोक्याच्या क्षणी हात गार पडायचे, सूत तुटायचं आणि 'टण्' असा आवाज झाला की चाळीस जण त्या बिचाऱ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायचे. तो बिचारा बऱ्याचदा मीच असे.

गोष्ट होती एका अमेरिकन चित्रमालिकेची, 'झोरोज फायटिंग लीजन'. रिपब्लिक नावाच्या कंपनीने १९३९ साली काढलेली, बारा भागांची. तिकडची पोरं थिएटरात दर आठवड्याला एक भाग बघत. नायक मरणाच्या दारात आला की पडद्यावर पाटी, उरलेलं पुढच्या आठवड्यात. सरांनी मात्र मुंबईत शिकत असताना ती सगळीच्या सगळी, साडेतीन तास, एका बैठकीत बघितली होती. स्वतः एक आठवडाही थांबले नव्हते आणि आम्हाला पुरतं वर्षभर लटकत ठेवलं. आम्हाला हे फार उशिरा कळलं, नाहीतर तेव्हाच तक्रार केली असती.

कथानक असं. साल १८२४, मेक्सिको नुकता प्रजासत्ताक झालेला. सान मेंदोलिताच्या खाणीतलं सोनं सरकारकडे पोचलं तर देश तगणार. ते वाटेत लुटण्यासाठी कुणीतरी डॉन देल ओरो नावाचा सोन्याचा देव बनून तिथल्या याकी आदिवासी लोकांना भडकावतंय. हा देव म्हणजे सोनेरी चिलखतात लपलेला कारभारी मंडळातलाच एक जण. त्याच्याशी लढायला डॉन दिएगो येतो. चारचौघांत छानछोकी करणारा, तलवारीचं नाव काढलं तरी कंटाळणारा. रात्री तोच काळा पोशाख करून पांढऱ्या घोड्यावर झोरो. स्पॅनिशमध्ये झोरो म्हणजे कोल्हा, हे सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

डॉन देल ओरो बोलायला लागला की सर उठून वर्गाच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या माठापाशी जायचे, त्याच्या तोंडात तोंड घालून बोलायचे. तो घुमणारा आवाज आजही कानात आहे. त्या वेळी हमखास दोन-तीन टकळ्या पडत. मुखवट्याआड कोण यावर वर्गात गोट्यांच्या पैजा लागल्या होत्या. पाब्लो, मॅन्युएल की गोन्झालेझ? मी पाब्लोवर पाच गोट्या लावल्या, कारण मला त्याचं नाव आवडलं होतं. डिसेंबरात युद्ध सुरू झालं. ते दोन शनिवार सर ढाक्याबद्दल बोलले आणि झोरो बिचारा दोन आठवडे झुलत्या पुलावरच अडकून राहिला.

करोनाच्या टाळेबंदीत घरात बसून असताना नातीने ही मालिका मोबाइलवर शोधून दिली. दर शनिवारी एकच भाग बघायचा असा निश्चय केला. तो तिसऱ्या भागापर्यंत टिकला. उरलेले नऊ एका रात्रीत संपवले.

आधी हसूच आलं. सरांचा डॉन देल ओरो दशावतारातल्या संकासुराच्या वरताण होता. पडद्यावरचा म्हणजे लग्नाच्या मांडवातल्या पाण्याच्या पिंपाला हातपाय फुटलेले. त्याचा आवाज मात्र घुमतो खरा. तो आवाज दिलाय बिली ब्लेचर नावाच्या माणसाने. हाच डिस्नेच्या कार्टूनमधल्या दुष्ट लांडग्याचाही आवाज. म्हणजे आवाजावरून मुखवट्याआडचा माणूस ओळखायची सोयच नाही. सरांचा माठ या हिशेबाने अगदी बरोबर होता.

झोरो झालेला रीड हॅडली उंचापुरा, खर्जातल्या आवाजाचा. इतर झोरोंचे मुखवटे डोळ्यांपुरते असतात, याचा मात्र अख्खा चेहरा झाकतो. सर एकदा म्हणाले होते, 'तोंड झाकलंय म्हणून तर एवढ्या उड्या मारतो.' आम्हाला वाटलं, लाजतो बहुतेक. आता कळलं, चेहरा दिसत नसला की घोड्यावरून उडी मारायला दुसरा माणूस ठेवता येतो. त्या माणसांत याकिमा कॅनट होता, रोडिओतला, म्हणजे उधळत्या जनावरांवर बसायच्या स्पर्धांतला, जुना विजेता. त्याच वर्षी जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'मध्ये उधळलेल्या घोड्यांच्या मधून खाली पडून अंगावरून गाडी जाऊ दिली, तोही हाच. पुढे 'बेन हर'मधली रथांची शर्यत त्यानेच बसवली. विटनी आणि इंग्लिश या दिग्दर्शकांच्या जोडीने अशा माणसांच्या जिवावर जे घोडे पळवलेत, त्यात आजही दम आहे. बाकी मुखवटा आणि चाबूक आपल्याकडे तरी कुठे नवे होते? नटी नादियाची 'हंटरवाली' १९३५ची. माझ्या आजीने ती पाहिली होती आणि झोरोचं वर्णन ऐकून ती एवढंच म्हणाली होती, 'मग त्यात काय?'

आता तक्रार. या जातीच्या मालिका लबाडी करतात. भागाच्या शेवटी गाडी नायकासकट दरीत जाते, आपल्या डोळ्यांदेखत. पुढच्या भागात तीच गाडी पुन्हा जाते, पण आता मध्येच एक तुकडा घातलेला असतो. नायकाने आधीच उडी मारली होती म्हणे! मागच्या वेळी ती उडी कुठे होती? सरांनी हे एकदाही केलं नाही. मागच्या शनिवारी जे सांगितलं ते बदलायचं नाही, हा त्यांचा दंडक. आमच्यातले काही जण वहीच्या शेवटच्या पानावर टिपणं ठेवायचे आणि सरांना पकडायला टपलेले असायचे. सरांनी झोरोला प्रत्येक वेळी आधी सांगितलेल्या वस्तूनेच सोडवलं. चाबूक, खुंटी, दोर, काय असेल ते. त्यासाठी बारा भागांचे पंचवीस-तीस झाले असतील तर होवोत.

दुसरी गोष्ट याहून भारी. सरांच्या गोष्टीतल्या मेक्सिकोच्या अध्यक्षांचं नाव होतं ग्वादालूपे व्हिक्टोरिया. आम्ही खो खो हसलो होतो. पुरुषाचं नाव व्हिक्टोरिया? सर रागावून म्हणाले, 'हसू नका, तो देशाचा पहिला अध्यक्ष होता.' चित्रपटात बघतो तर अध्यक्ष बेनितो हुआरेझ! १८२४ साली हुआरेझ अठरा वर्षांचा पोरगा होता. अध्यक्ष झाला १८५८मध्ये. हॉलिवूडने केलेली चूक सरांनी कुणाला न सांगता, सूतकताईच्या तासाला, आठवी बसाठी दुरुस्त केली होती.

एक मात्र त्यांनीही तसंच ठेवलं. याकी लोक. पडद्यावर ते कुणी सोन्याचा पत्रा पांघरून आला की त्याच्या पाया पडणारे भाबडे. प्रत्यक्षात १८२५मध्ये याकी हुआन बान्देरासच्या मागे उभे राहून मेक्सिकन सरकारशी लढले, ते आपल्या जमिनीसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना हजारोंनी पकडून मेक्सिकोतल्याच युकातान प्रांतातल्या घायपाताच्या मळ्यांवर पाठवलं गेलं. हे मी अलीकडे वाचलं. सर असते तर विचारलं असतं.

शेवटच्या शनिवारी मला गालगुंड झाले होते. बाकसोबत्याने ओल्या काजूगरांच्या पुडीच्या मोबदल्यात उत्तर आणून दिलं: मॅन्युएल. मी पाच गोट्या हरलो. त्या रात्री बारावा भाग बघितला, मुखवटा निघाला आणि आत कोण? पाब्लो! दुसऱ्या दिवशी सकाळीच बाकसोबत्याला फोन लावला. म्हटलं, 'काजूगर परत कर.'

तो शपथेवर म्हणाला, सरांनी मॅन्युएलच सांगितलं होतं. आणखी दोघांना विचारलं, तेही तेच म्हणाले. मग हळूहळू उलगडा झाला. वर्गातल्या एकाचा मामेभाऊ गिरगावात राहायचा. त्याने मामेभावाला पत्र पाठवून उत्तर मागवलं आणि शेवटच्या आठवड्यात पाब्लोवर सपाटून गोट्या लावल्या. ही गोष्ट कशी कुणास ठाऊक सरांच्या कानावर गेली. सर माठापाशी गेले, मुखवटा काढला आणि आतून मॅन्युएल बाहेर आला. न बदलण्याचा दंडक मागच्या शनिवारचा होता, पुढच्याचा नव्हता.

त्या मुलाच्या सगळ्या गोट्या गेल्या म्हणे. तो सध्या याच स्मरणिका समितीवर आहे. एवढा मजकूर तो कापणार नाही, अशी आशा आहे.