एंजलसोबत टायगर बार्ब नकोच
माशांच्या दुकानात एंजल (एंजलफिश), टायगर बार्ब, गोल्डफिश हे सगळे शोभेचे मासे एकाच टाकीत गुण्यागोविंदाने दिसतात म्हणून घरीही तसंच चालेल असं वाटतं, पण नाही चालत हो. टायगर बार्ब भारी खोडकर, एंजलचे ते लांब लोंबणारे फिन्स (पर) कुरतडून पार चिंध्या करतात, मग बिचारा एंजल कोपऱ्यात अंग चोरून उभा, खातही नाही, खरंच बघवत नाही. बार्ब पाळायचेच असतील तर ८-१० चा घोळका वेगळ्या टाकीत ठेवा, मग ते आपापसातच भांडत बसतात. गोल्डफिशला १८ ते २२ डिग्रीचं थंड पाणी मानवतं, एंजलला २५-२८ लागतं, त्यामुळे ती जोडी बादच. आणि इवलासा निऑन टेट्रा मासा? एंजल मोठा झाला की सरळ गिळतो! माझं मत विचाराल तर एंजलखाली तळाला ५-६ कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे) सोडा, फक्त खडीऐवजी मऊ वाळू टाका, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात.