आईची पाळी कधी गेली?

परवा डॉक्टरकडे गेले होते, पाळी तीन-चार महिने पुढेमागे होत होती म्हणून. तिने सगळं लिहून घेतलं आणि सहज विचारलं, आईची पाळी कितव्या वर्षी गेली? बऱ्याचदा मुलीचंही त्याच सुमाराला होतं, म्हणून विचारतात. मी म्हटलं आई गेली तेव्हा 36 ची होती आणि मी सहाची. डॉक्टर बिचारी ओशाळली. बाहेर येऊन पहिला फोन हिला लावला.

ही म्हणजे माझी सहावीपासूनची मैत्रीण. तिची आई ती अकराची असताना गेली, त्या वर्षी ती परीक्षेला बसलीच नाही, वर्ष वाया गेलं आणि ती माझ्या वर्गात आली. म्हणजे तिची आई असती तर ती मला भेटलीच नसती, हे मी तिला आजपर्यंत बोललेली नाही. (आता वाचेलच.)

त्या वर्षी ‘माझी आई’ निबंध आला. मी मस्त ठोकून दिलं, आई रात्री गोष्ट सांगते, परीक्षेला माझ्यासोबत जागते वगैरे. बाईंनी तो वर्गात वाचूनही दाखवला. हिने कोरं पान दिलं होतं. मधल्या सुट्टीत शेजारी येऊन म्हणाली, “तुझी पण नाहीये ना?” तुला कसं कळलं म्हटलं, तर म्हणे, “तुझ्या निबंधातली आई एकदाही ओरडली नाही.”

लोकांना वाटतं आम्ही एकमेकींच्या आया झालो. काहीतरीच. ती माझ्याहून धांदरट आहे. इतर मुली घरी जे विचारायच्या ते आम्ही एकमेकींना विचारायचो एवढंच, आणि उत्तरं निम्मी चुकीची असायची. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्याची माय नक्की धडधाकट असणार, असं आमचं दोघींचं ठाम मत आहे.

भांडणंही झालीत. तिला आई आठवते, मला माझ्या आईचा आवाजही आठवत नाही. एकदा रागात बोलून गेले, तुझ्याकडे निदान रडायला काहीतरी आहे. महिनाभर अबोला. मग एक दिवस म्हणाली, मला तिचे आजारपणाचे महिनेच जास्त आठवतात, हवेत का तुला?

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे मदर्स डेला, आम्ही दोघी स्टेटस बघत नाही. तो दिवस सुरू करणारी ॲना जार्विस, तिनेही तो आपली आई 1905 मध्ये गेल्यावर सुरू केला होता, अमेरिकेत 1914 ला अधिकृत झाला आणि पुढे कार्डं-फुलांचा बाजार बघून तीच त्याच्या विरोधात उभी राहिली. हे मला हिनेच सांगितलं, “बघ, आपलीच निघाली ती,” म्हणत.

मी 37 ची झाले त्या रात्री बारा वाजून एक मिनिटाने तिचा फोन. आईपेक्षा मोठी झाले होते मी. हॅपी बर्थडे नाही काही नाही, डायरेक्ट म्हणाली, “चल, संपला सिलॅबस.”

तर परवाचा फोन. सगळं ऐकून म्हणते, “माझी 48 ला गेली, लिहून टाक.”

“अगं, आईची विचारतात.”

“मग काय झालं? कुणाची तरी लिही. आणि रात्री घामाने जाग आली की नुसती पंखा लावून पडू नकोस, फोन कर. मी जागीच असते.”