पायाखालचा पत्रा

गेल्या श्रावणात रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात माझी गाडी नुसतीच ओरडायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, गाडी मात्र होती त्याच चालीने. मागचा एसटीवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. मग करपल्यासारखा वास आला. लेक कोल्हापूरला हॉस्टेलवर असते. तिच्यासाठी घेतलेल्या घावनांचा डबा उघडा पडला नाही ना, म्हणून मी आधी मागे वळून बघितलं. वास क्लचचा होता.

गाडी वॅगन आर, २००९ ची, चंदेरी. आता चंदेरी म्हणायचं ते कागदावर. शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली, माझ्या स्वतःच्या नावावरची पहिली मोठी वस्तू. सोळा वर्षांत एक लाख बत्तीस हजार किलोमीटर झाले. २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. २०२५ च्या जुलैत नवीन नंबर प्लेट बसवली, ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. थोडक्यात, बाईंनी गाडी विकायचा विचारही केलेला नव्हता.

आमचा मिस्त्री माझा विद्यार्थी. नववीत गणितात काठावर पास झाला होता, आता मला हिशोब तो शिकवतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, पुढचे शॉकर, लोअर आर्मचे बुश, सगळं मिळून त्याने चोवीस हजार सांगितले. मी घरी येऊन वहीत मांडलं. वर्षाला चोवीस हजार म्हणजे महिन्याला दोन हजार. नव्या गाडीचा हप्ता याच्या चौपट तरी. म्हणजे दुरुस्ती. दोन दिवस मी या उत्तरावर खूश होते. मग लक्षात आलं की या हिशोबाने जगातली कुठलीच गाडी कधीच बदलावी लागणार नाही. दुरुस्ती दर वेळी हप्त्यापेक्षा स्वस्तच पडणार. वहीत जे मांडलंच नव्हतं, ते गाडी रॅम्पवर चढल्यावर दिसलं.

गणपती झाल्यावर गाडी कामाला टाकली. मिस्त्रीने ड्रायव्हरच्या बाजूचं मॅटिंग उचललं. खालचा जाड नमदा भिजलेल्या पोळीसारखा लिबलिबीत झाला होता. दोन पावसाळे पायाशी ओल येत होती आणि मी काच नीट लावत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत होते. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने पत्रा वाजवत पुढे पुढे गेला. टण. टण. टण. भद्द. तिथे थांबून त्याने स्क्रूड्रायव्हर फिरवला, टोक टेकवलं आणि नुसतं अंगठ्याने दाबलं. टोक आत गेलं. तपकिरी चुरा खाली पडला, पापडाच्या डब्याच्या तळाशी असतो तसा. त्या भोकातून मला गॅरेजची फरशी दिसली आणि तिच्यावरचा ऑइलचा डाग.

“बाई, खालून या.”

खाली वाकून बघितलं. दहा वर्षांपूर्वी मी हौसेने अंडरकोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्याला गंजू नये म्हणून काळा लेप, करून घेतलं होतं. तो काळा थर वरून शाबूत होता. आत गंज होता तसाच त्याच्यावर थापलेला, त्यामुळे ओल आतच कोंडली आणि पत्रा मुकाट्याने खाल्ला गेला. पुढच्या चाकाचा आर्म जिथे बोल्टने धरलेला असतो तिथेही पापुद्रे सुटले होते.

“पायाखालचं भोक मी दोन हजारात बुजवून देतो,” तो म्हणाला. “हे इथलंही वेल्डिंग होतं, कोणीही करून देईल. पण मी केलं आणि तुम्ही ताईला घेऊन घाटात गेलात, तर मला झोप नाही लागणार.”

रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर्षभर खारा वारा, दाराच्या नि फ्लोअरच्या, पाणी निघून जायच्या भोकांत पानं-माती अडकून तुंबलेलं पाणी. इंजिनाला औषध असतं, सुटे भाग मिळतात. सांगाडाच खाल्ला गेला की काय बदलणार? तरी कोकणातली माणसंसुद्धा जुनी गाडी बघताना बॉनेट उघडून, कान देऊन, इंजिन कसं शिवणाच्या मशीनसारखं चालतंय म्हणून माना डोलावतात. मीही डोलावत होते.

तो डिकीकडे गेला. तिथला कोपरा सर्वांत जास्त खाल्लेला. “इथं काय ठेवता?”

मी गप्प. दर रविवारी मिरकरवाडा बंदरावरून बांगडे, हंगामात सुरमई, बर्फासकट पिशवीत. सोळा वर्षं ते खारट पाणी त्याच कोपऱ्यात झिरपत होतं. नवरा शेजारी उभा राहून हसला. खाताना कोण पुढे असतं ते मी गॅरेजमध्ये बोलले नाही.

घरी ज्याचं त्याचं मत होतं. सासूबाई म्हणाल्या, दारातली गाडी म्हणजे लक्ष्मी, काढू नये. पुण्याचा पुतण्या इलेक्ट्रिकवर व्याख्यान देऊन गेला. नवऱ्याने २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख वर्तमानपत्रातून वाचून दाखवली: छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर, आता नाही तर कधी. मला निवृत्तीला पाच वर्षं राहिली आहेत, हप्ता नको होता. शिवाय नवी कोरी गाडीही याच वाऱ्यात उभी राहणार. जुनीच घ्यायची, पण घाटावरची, असं ठरवलं.

आपली विकायला दाखवली तेव्हा एका विक्रेत्याने चाळीस हजार सांगितले. आधी पंचेचाळीस म्हणाला होता, जीएसटीचं कारण सांगून पाच कमी केले. मी त्याला भोक दाखवलं. त्याने बघितलंही नाही धड. “मॅटिंग टाकलं की दिसत नाही हो मॅडम.” एवढ्यावर माझा त्याच्याशी व्यवहार संपला. घेणारा कोण असेल? एखादं नुकतं नोकरीला लागलेलं पोरगं, लेकराबाळांना घेऊन घाट चढणारं. गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली, बावीस हजार मिळाले. मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्रावर नवीन गाडीला करात सवलत मिळते. मी जुनी घेणार, तेव्हा तीही गेली. अठरा हजार बुडवल्याचं नवरा अजून ऐकवतो. ८७९ रुपयांची प्लेटही तिच्याबरोबर गेली, त्याची चुटपुट मात्र मलाच आहे.

सांगलीत एमएच १० पासिंगची, २०१९ ची, एकाच मालकाची गाडी मिळाली, तीन लाख साठ हजारात. मालक सुरू करून दाखवायला लागले तर मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि वर्तमानपत्र पसरून गुडघ्यांवर बसले. त्यांच्या गल्लीतली दोन माणसं बघायला थांबली.

“अहो मॅडम, इंजिन बघा ना आधी!”

“बघते,” म्हटलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत गेले. टण, टण, टण. शेवटपर्यंत टणच.

दिवाळीच्या आधी गाडी घरी आली. मिरकरवाड्याची फेरी चालूच आहे. फक्त आता मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात येते आणि डबा डिकीत जात नाही, नवऱ्याच्या मांडीवर असतो.