चोर बीटी आणि सीडी7

मागच्या आठवड्यात धुऱ्यावर बसून मोठ्या बाबांना कॅन्सरवरची कार-टी थेरपी समजावून सांगायची वेळ आली, आणि खरं सांगतो, बीएस्सीच्या व्हायव्हाला पण एवढा घाम फुटला नव्हता.

झालं असं की त्यांच्या नातवाला, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या पोराला, उन्हाळ्यात खोकला लागला, रात्री धाप लागायची, तालुक्याच्या एका डॉक्टरनं दमा समजून स्टिरॉइड दिलं, चारेक दिवस पोरगं खेळलं पण, अन् मग पुन्हा तेच. नागपूरला एक्सरेत छातीत गाठ दिसली. टी-सेल ल्युकेमिया, म्हणजे टी पेशींचा रक्ताचा कॅन्सर. स्टिरॉइडनं या पेशी काही दिवस दबतात, म्हणून ते बरं वाटणं फसवं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

आता कोणीतरी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड टाकलं, आयआयटी मुंबई अन् टाटा हॉस्पिटलची देशी कार-टी, नेक्सकार19, 2023 ला मंजुरी, एप्रिल 2024 मधे राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू, अमेरिकेत कोटींत जातं ते इथं लाखांत. मोठ्या बाबांनी मनात वावर विकूनही टाकलं होतं.

"खोटी हाये का मंग हे बातमी?"

"नाई बाबा, खरी हाये. पण ते बी-सेलच्या कॅन्सरची हाये."

रिपोर्ट खताच्या पिशवीत गुंडाळून खिशातच होता त्यांच्या. उघडून दाखवलं, सीडी19 निगेटिव्ह, सीडी7 पॉझिटिव्ह. कार-टी म्हणजे टी पेशी, आपल्या शरीराचे शिपाई, बाहेर काढून त्यांना दुश्मनाची खूण ओळखायला शिकवायचं अन् परत सोडायचं. बी पेशी म्हणजे दुसऱ्या जातीचे शिपाई, त्यांच्यावरची खूण सीडी19, नेक्सकार19 तीच ओळखतं; सगळ्या बी पेशी मेल्या तरी माणूस औषधावर निभावतो. पण इथं दुश्मनच टी पेशी, शिपाई पण टी पेशी, दोघांच्या अंगावर सीडी7, म्हणजे शिपाई आपसातच कापाकापी करणार.

मोठे बाबा पऱ्हाटीकडे पाहत होते. मग म्हणाले, "तण बी रुंद पानाचं अन् पऱ्हाटी बी. फवारलं का दोनी जयते."

बस, मला धागा सापडला. म्हटलं, चोर बीटीत, म्हणजे त्या बिनमंजुरीच्या कापूस बियाण्यात, काय करतात? तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी उभी. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलच्या लोकांनी तसंच केलं. निरोगी दात्याच्या टी पेशी घेतल्या अन् बेस एडिटिंगनं, म्हणजे डीएनए न कापता एकेक अक्षर बदलून, तीन गोष्टी बंद पाडल्या. त्यांची स्वतःची ओळखयंत्रणा, नाहीतर परक्या पेशी पेशंटच्याच अंगावर जातात. दुसरी ती सीडी7 खूण. तिसरी सीडी52, कारण पेशंटच्या जुन्या पेशी मारायचं औषध हिच्यावरच नेम धरतं, ती नसली की हे शिपाई वाचतात. मग त्यांना सीडी7 मारायचं शिकवलं. 2022 मधे लेस्टरच्या 13 वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा दिलं, केमो अन् ट्रान्सप्लांट दोन्ही करून थकलेली पोरगी, ती कॅन्सरमुक्त झाली. डिसेंबर 2025 ला 11 जणांचा हिशेब आला, 9 जणांत कॅन्सर शोधूनही सापडेना, 7 जण अजून मोकळे.

"अन् बाकीचे?"

हा प्रश्न विचारणार हे मला माहीत होतं. काहींचा आजार उलटला. शिवाय हे शिपाई पेशंटच्या चांगल्या टी पेशी पण साफ करतात, त्या काळात साधा व्हायरस पण भारी पडतो, म्हणून काही आठवड्यांत बोनमॅरो ट्रान्सप्लांट करावंच लागतं. अन् हे सगळं दुसरे उपाय हरल्यावरचं. आपल्या पोराची तर पहिलीच केमो चालू आहे, त्यातच बरीच लेकरं बरी होतात. वावर विकायची घाई कशाला?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, "यातलं सात कोणतं, त्याले गोल कर." पेन नव्हता. नखानं खूण केली.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं पुन्हा नागपूर, हाडातलं पाणी काढून एमआरडी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती उरल्या ते, बघणार आहेत. मोठे बाबा यावेळी येणार म्हणतात, निंदण बायांवर सोडून.