औषधाने आखडलेली मान

स्किझोफ्रेनियाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, त्यावरच्या हॅलोपेरिडॉल या औषधाचे इंजेक्शन घेऊन दोन दिवसही झाले नसताना, माझा धाकटा भाऊ जेवायला बसला आणि पहिला घास उचलतानाच त्याची मान डावीकडे वळून तशीच आखडली. दातखीळ बसली, डोळे छताकडे गेले आणि काही केल्या खाली येईनात. शेजारच्या काकूंनी फिट आली असे समजून कांदा फोडून नाकाशी धरला. (कांद्याने फिटही जात नाही, पण ते असो.) तो मात्र पूर्ण शुद्धीवर होता; आमचे बोलणे त्याला कळत होते, फक्त उत्तर देता येत नव्हते.

सदाशिव पेठेतून रिक्षाने रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी पाहून प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. औषधामुळे स्नायू असे आखडण्याला डिस्टोनिया म्हणतात. हॅलोपेरिडॉलसारखी औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे काम अडवतात, त्यामुळे भास आणि संशय ओसरतात. परंतु हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या भागालाही तेच डोपामिन लागते आणि तिथेही ते अडवले जाते. तरुण पुरुषांमध्ये हा त्रास अधिक दिसतो, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते, याचा राग मला अजून आहे.

त्यानंतरचा त्रास अधिक फसवा होता. भाऊ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गॅलरीत येरझारा घालू लागला, बसला तरी पाय हलवत राही, आणि आजार बळावला असे समजून आम्ही डोस वाढवून मागण्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्यालाच विचारले, "बेचैनी मनात वाटते की पायांत?" तो म्हणाला, "मन ठीक आहे हो, पायच बसू देत नाहीत." ही अकॅथिसिया, म्हणजे औषधानेच येणारी बेचैनी होती, आणि आम्ही मागत होतो तसा डोस वाढवला असता तर ती वाढण्याचीच शक्यता होती. डोस कमी करून प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर तो आठवडाभरात शांत बसू लागला.

पुढे काही आठवड्यांनी त्याच औषधामुळे हातांना कंप आणि चालण्यात ताठरपणा आला. मला तो प्रथम त्याच्या अक्षरात दिसला. बँकेच्या स्लिपवरची सही इतकी बारीक झाली की कारकुनाने ती नाकारली. ट्रायहेक्सिफेनिडिलने हे सुधारले, पण त्याने तोंड कोरडे पडते, शौचाला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांनी काही महिन्यांनी ते हळूहळू बंद केले आणि मूळ औषधही बदलले. ताठरपणासोबत जोराचा ताप आला आणि माणूस गोंधळला, तर मात्र सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत न्यावे, असेही त्यांनी बजावून ठेवले आहे. औषध मनानेच बंद करायचे नाही, हे तर प्रत्येक भेटीत ऐकायला मिळते.

आता भीती आहे ती टार्डिव्ह डिस्किनेशियाची. वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर ओठ चघळल्यासारखे हलणे, जीभ वळवळणे सुरू होऊ शकते आणि औषध थांबवूनही ते कधीकधी जात नाही. म्हणून डॉक्टर दर सहा महिन्यांनी त्याला खुर्चीवर बसवतात, तोंड उघडून जीभ स्थिर ठेवायला सांगतात, मग अंगठ्याने एकेका बोटाला भरभर स्पर्श करायला लावतात आणि त्या वेळी हातांकडे नव्हे, तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतात. आता मीही तिकडेच पाहते. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.