गोळ्या डोंगरावरून आल्या, हुकूम कुठून आला?

सिसिलीतल्या पालेर्मोहून पियाना देल्ली आल्बानेझी जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण बस घाट चढत रमतगमत जाते. गाव पंधराव्या शतकात आलेल्या अल्बानियन निर्वासितांचं. पाट्या अजूनही दोन भाषांत. इथली कान्नोली ही गोड मिठाई एवढी मोठी असते की ती खाल्ल्यावर जेवायचा विचार सोडून द्यावा. मला मात्र जायचं होतं गावापुढच्या खिंडीत, पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राला. निमित्त इटालियन सिनेदिग्दर्शक फ्रांचेस्को रोझी.

१ मे १९४७ ला आसपासच्या गावांतले शेतमजूर बायकापोरांना घेऊन इथे कामगार दिनाला जमले होते. नुकत्याच झालेल्या सिसिलीच्या प्रादेशिक निवडणुकीत डाव्या आघाडीची सरशी झाली होती आणि जमीनदारांच्या पडीक जमिनी कसायला मिळतील अशी आशा होती. भाषणाला सुरुवात होते न होते तोच पिझ्झुता डोंगराच्या बाजूने गोळ्या सुटल्या. ११ माणसं ठार, त्यांत लहान मुलंही. मारेकरी साल्वातोरे जुलियानो या डाकूच्या टोळीतले होते, हे कोर्टात ठरलं. त्यांना पाठवलं कोणी, हे आजतागायत ठरलेलं नाही.

खिंडीत आता ओबडधोबड उभे दगड आहेत, काहींवर मृतांची नावं कोरलेली. पण मी बराच वेळ पाहत राहिले तो डोंगर. उघडं माळरान, लपायला ना झाड ना आडोसा. वरून नेम धरणाऱ्याला खाली पोरंबाळं आहेत हे दिसलं नसेल, असं म्हणायला वावच नाही.

रोझी नेपल्सचा, जन्म १९२२ चा. सिसिली त्याने पहिल्यांदा जवळून पाहिली ती दिग्दर्शक विस्कोंतीचा सहायक म्हणून, आची त्रेझ्झाच्या कोळ्यांमध्ये. १९६१ मध्ये तो 'साल्वातोरे जुलियानो' या आपल्या सिनेमाच्या चित्रीकरणासाठी याच खिंडीत आला आणि गर्दीत उभं राहायला त्याने इथल्याच गावकऱ्यांना बोलावलं. काहींनी तो दिवस स्वतः पाहिलेला. पडद्यावर गोळ्या ऐकू येतात, माणसं सैरावैरा पळतात, झाडणारे दिसत नाहीत.

जुलियानोचा चेहराही धड दिसत नाही. लांबून पांढरा कोट, नाहीतर कास्तेलवेत्रानो गावातल्या अंगणात पालथं पडलेलं प्रेत. आपल्याकडच्या सिनेमातला डाकू घोड्यावरून येतो, त्याला अन्यायाची कहाणी असते, गाणं असतं. रोझीने त्याला नायक होऊच दिलं नाही. त्याला रस होता तो पोलीस, माफिया आणि राजकारणी यांच्या साटेलोट्यात. जुलियानोचा उजवा हात पिशोत्ता पुढे तोंड उघडू लागला आणि १९५४ मध्ये पालेर्मोच्या तुरुंगात स्ट्रिक्नीनच्या विषाने मेला. सिनेमा १९६२ चा, म्हणजे सगळं ताजंच होतं.

पुढच्याच वर्षी त्याने नेपल्समधल्या बिल्डर-नगरसेवकावर सिनेमा केला. इमारत कोसळते, चौकशी समिती बसते आणि शेवटी त्याच बिल्डरच्या नव्या बांधकामाचा शुभारंभ होतो. मुंबईकराला सबटायटल्सचीही गरज पडू नये! व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

चौकशीच्या या सवयीची किंमत मात्र भलत्यालाच मोजावी लागली असावी. इटलीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख एन्रिको मात्तेई १९६२ मध्ये विमान कोसळून गेले. त्यांच्यावरच्या सिनेमासाठी त्यांचे सिसिलीतले शेवटचे दोन दिवस शोधून काढायचं काम रोझीने पालेर्मोचे पत्रकार माउरो दे माउरो यांना दिलं होतं. १६ सप्टेंबर १९७० ला ते घराजवळून बेपत्ता झाले, ते कायमचेच. रोझीने सिनेमा थांबवला नाही. उलट तो स्वतः पडद्यावर आला आणि या बेपत्ता पत्रकाराचा शोधही सिनेमाचाच भाग झाला. १९७२ ला कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार त्याला विभागून मिळाला.

कुणी जाणार असाल तर 'साल्वातोरे जुलियानो' आधी बघून जा. खिंडीत समजावून सांगायला कोणी नसतं. टोपी आणि पाणी न्या, सावली अजिबात नाही. आणि परतीच्या बसची वेळ गावात उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, कान्नोलीच्या आधी.