फुकटच्या चित्रांची रांग

चित्रं काढायला नवा टॅब्लेट घेतला होता आणि आठवडाभर सुट्टी होती. हात बसावा म्हणून मी जाहीर केलं, "कुणाला चित्र काढून हवंय का? पैसे नकोत." दोन दिवसांत 31 जणांनी मागितलं आणि मी एकूणएक सगळ्यांना "हो, नक्की!" म्हणून बसले. ते उद्गारचिन्ह पुढे चार महिने माझ्या मानगुटीवर होतं.

पहिली सात भराभर झाली. आठवं एका कुत्र्याचं होतं, नुकतंच गेलेलं. मालकिणीने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "डावा कान कायम दुमडलेला असायचा." चित्र काढताना मी कॅनव्हास अधूनमधून आडवा उलटा करून बघते. आरशात पाहिल्यासारखं दिसलं की तिरका गेलेला डोळा लगेच खटकतो. त्या रात्री उलटा केला, नाक नीट केलं आणि परत सुलटा करायचं विसरले. तसंच पाठवून दिलं. उत्तर आलं, "खूपच सुंदर! खूप खूप आभार!" तीन दिवसांनी दबकत दुसरा मेसेज: "राग मानू नका, पण कान दुसऱ्या बाजूचा झालाय का? नाही केलंत तरी चालेल."

दुरुस्ती एका बटणाची होती. पण ते तीन दिवस माझ्या मनातून जाईनात. पैसे मोजले असते तर ती त्याच मिनिटाला बोलली असती. फुकट घेणारा माणूस चूक दिसली तरी गिळतो आणि देणाऱ्याला वाटतं, सगळं झकास चाललंय. तेव्हापासून मी कच्चं स्केच आधी पाठवते आणि सोबत लिहिते, "कान, चष्मा, तीळ, जे चुकलंय ते आत्ताच सांगा. रंग भरल्यावर मला जड जातं." असं लिहिलं की लोक मोकळेपणाने बोलतात.

सुट्टी संपल्यावर मात्र मी गप्पच झाले. 23 जण ताटकळत होते. कुणी विचारलं की "या आठवड्यात करते" म्हणायचं, पुढे पुढे तर मेसेज उघडायचाच नाही. फुकटचं काम, उशीर झाला तर काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. शेवटी एका रविवारी बसून प्रत्येकाला वेगळं लिहिलं: एवढी चित्रं माझ्याकडून होणार नाहीत, अजून हवं असेल तर सांगा, पाच जणांचं करीन. बरेच जण विसरूनही गेले होते. एकाने मात्र लिहिलं, "आईच्या वाढदिवसाला द्यायचं होतं. तेव्हाच नाही म्हणाला असतात तर दुसऱ्या कुणाला विचारलं असतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली, तेवढंच.

आता एका वेळी पाचच घेते. नावांची यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवते. कुठे वापरणार, हे आधी विचारते. डीपीला 400 बाय 400 पिक्सेल पुरतात, पण ए-फोर कागदावर 300 डीपीआयने (म्हणजे इंचाला 300 ठिपके) छापायचं तर 2480 बाय 3508 लागतात. लहान काढलेलं नंतर ताणलं की कडा फुटतात. शिवाय चॅटमधून फोटो म्हणून पाठवलं की बहुतेक ॲप ते दाबून लहान करतात, म्हणून फाइल म्हणूनच पाठवते.

एकाने माझं चित्र टी-शर्टवर छापून विकायला काढलं. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दिलंतच की!" चित्र भेट दिलं म्हणजे त्याचा कॉपीराइट देऊन टाकला असं होत नाही, तो काढणाऱ्याकडेच राहतो, त्यासाठी नोंदणीही लागत नाही. नोंदणी न लागण्याचं तत्त्व बर्न करारातलंच आहे; कॉपीराइटबद्दलचा हा आंतरराष्ट्रीय करार मुळात 1886 सालचा. हे सगळं त्याला लिहिलं तेव्हा त्याने टी-शर्ट विक्रीतून काढून टाकले. आता "विकायचं नाही, नाव खोडायचं नाही" हे होकारातच लिहिते. आधी असं लिहायला संकोच वाटायचा.

काल एकाने सात फोटो पाठवले. विचारलं, "यातला कुठला?"

"सगळेच. फुकट आहे ना?"

"एकच काढते. सात जमणार नाहीत."

पूर्वी हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले असते. त्याचं उत्तर मिनिटभरात आलं: "बरं, मग तिसरा."